मूत्रपिंडाचा रोग एकटा येत नाही

आरोग्यसेवेच्या प्रगतीचे मोजमाप यंत्रांच्या संख्येने करण्याची सवय शासनाला आणि समाजालाही जडली आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या बाबतीत ही सवय विशेष घातक ठरत आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. त्यानंतर अनेक जिल्हा रुग्णालयांत रक्तशुद्धीची यंत्रे बसली आणि जो उपचार पूर्वी केवळ सधनांच्या आवाक्यात होता तो गरिबालाही मोफत मिळू लागला. या गोष्टीचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु यंत्र आले म्हणजे रोगाचा बंदोबस्त झाला, अशी जी समजूत त्याबरोबर पसरत आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. मूत्रपिंडाचा रोगी पुष्कळदा मूत्रपिंडामुळे दगावतच नाही. तो हृदयविकाराने जातो, पक्षाघाताने जातो, क्षयाने किंवा अन्य एखाद्या जंतुसंसर्गाने जातो. हा रोग एकटा येत नाही; सोबत्यांचा तांडा घेऊन येतो. आणि आरोग्यव्यवस्था मात्र या तांड्यातल्या एकेकाला निरनिराळ्या दारांवर गाठू पाहते.

या प्रश्नाचे स्वरूप महानगरातील रुग्णालयापेक्षा इस्लापूरसारख्या गावी अधिक स्पष्ट दिसते. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवट तालुक्यात, एका अंगाला पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला तेलंगण, अशा कोपऱ्यात हे गाव आहे. सहस्रकुंडाच्या धबधब्याला जाणाऱ्यांना ते वाटेवरचे म्हणून ठाऊक असते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालय किनवटलगतच्या गोकुंद्याला आहे. आणि वैद्यकीय महाविद्यालय थेट नांदेडला, म्हणजे शंभर किलोमीटरांच्या आसपास. डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास करावे लागते. त्यासाठी नांदेड गाठण्याची पाळी आली, तर इस्लापूरच्या रुग्णाला वर्षाकाठी ३१ हजार किलोमीटरांचा प्रवास पडेल. उपचार मोफत असला तरी एसटीचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि थकलेल्या शरीराला बसणारे हेलकावे मोफत नसतात.

नांदेड जिल्हा या बाबतीत दुर्लक्षित राहिला, असेही म्हणता येत नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शेवटच्या अवस्थेतल्या रोग्यासाठी पैशाची काही तरतूद झाली, ती अशी. अडचण त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांची आहे, आणि त्या वर्षांसाठी कोणतीही ठळक योजना लोकांच्या डोळ्यांसमोर नाही.

शांत पडझड

निरोगी माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. एवढ्या विपुल सामर्थ्यामुळेच निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी झाल्या तरी माणसाला काही जाणवत नाही. वैद्यकशास्त्राने या ऱ्हासाचे पाच टप्पे मानले आहेत. त्यांपैकी पहिले तीन बहुधा मुक्याने पार पडतात. पाय सुजणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज सुटणे, दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुतेक पडझड होऊन गेलेली असते.

भारतातील जुनाट मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीचा जो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५२ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. त्यातील सुमारे ४८ टक्के रुग्ण तज्ज्ञापुढे प्रथम आले तेव्हाच पाचव्या टप्प्यात होते. ३१ टक्क्यांचा रोग मधुमेहातून आलेला होता, १३ टक्क्यांचा उच्च रक्तदाबातून. १६ टक्क्यांच्या रोगाचे कारणच उमगले नाही. आणि हे कारण न कळलेले रुग्ण इतरांपेक्षा वयाने लहान, अधिक गरीब व अधिक पुढच्या टप्प्यातले होते. जागतिक रोगभाराच्या अभ्यासाने २०१७ साली जगात या विकाराचे सुमारे ७० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज केला. त्यांपैकी साडेअकरा कोटी भारतातले. एवढ्या लोकांना पुरतील इतकी यंत्रे कोणताही देश बसवू शकणार नाही. सुदैवाने त्यांतील फार थोड्यांना यंत्राची गरज लागते. परंतु सोबतच्या व्याधींवरील उपचाराची गरज जवळजवळ सर्वांना असते, ही गोष्ट मात्र विसरली जाते.

उपद्रव आणि सहव्याधी

जुन्या वैद्यकात मूळ रोगातून उद्भवणाऱ्या विकाराला ‘उपद्रव’ म्हणत. शेजारी वेगळा उभा असलेला रोग म्हणजे सहव्याधी. मूत्रपिंडाच्या रोगात या दोहोंमधली सीमारेषा पुसली जाते. उच्च रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडते आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी चढवते. लाल रक्तपेशी तयार करण्याचा आदेश देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच निर्माण होते. ते घटले की रक्तक्षय होतो, रक्तक्षयाने हृदयावर ताण पडतो, आणि दुबळे हृदय मूत्रपिंडाला पुरेसे रक्त पोचवू शकत नाही. ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते थांबले आणि फॉस्फेट साचू लागले की हाडे ठिसूळ होतात व रक्तवाहिन्यांत चुना बसू लागतो. प्रतिकारशक्ती खालावल्याने क्षयाचे जंतू डोके वर काढतात. अमेरिकेत ११ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाची कार्यक्षमता जसजशी घटत जाते तसतसे मृत्यूचे आणि हृदयविकाराचे प्रमाण पायरीपायरीने वाढते, असे त्यात दिसून आले. डायलिसिसची वेळ येण्याआधीच अनेकांचे हृदय बंद पडते, हा याचा अर्थ.

महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या कानांवर ‘डायलिसिस’ हा शब्द बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे पडला. जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. स्थानबद्धतेचे बरेच दिवस चंडीगडच्या रुग्णालयात गेले आणि नोव्हेंबरमध्ये सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले. मधुमेह आणि हृदयविकार त्यांच्या सोबतीला आधीपासूनच होते. तशाही अवस्थेत १९७७ च्या सत्तांतराचे ते नैतिक आधारस्तंभ राहिले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. यंत्राने त्यांना सुमारे चार वर्षे दिली, हे खरे. पण ती वर्षे केवळ यंत्राची नव्हती. साखर, रक्तदाब, हृदय, रक्त आणि आहार यांवर एकाच वेळी नजर ठेवणारे तज्ज्ञ त्यांच्या उशाशी होते. इस्लापूरच्या कापूसउत्पादकाला तोच रोग झाला तर यंत्र कदाचित मिळेल, उशाशी बसणारी ती नजर मिळणार नाही. विषमता यंत्रापेक्षा या नजरेच्या वाटपात अधिक आहे.

किनवटच्या मातीतले प्रश्न

सोबतच्या व्याधी सर्वत्र सारख्या नसतात. त्या त्या मुलखाचे पाणी, रक्त आणि राहणी यांचा त्यांवर ठसा असतो. किनवट परिसरात दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचा ग्रॅनाइट जागोजागी उघडा पडला आहे, आणि तेथील काही गावांच्या विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जादा आढळले आहे. शरीरात गेलेले फ्लोराइड बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडाचे असते. ते मंदावले की फ्लोराइड हाडांत अधिक साचते. म्हणजे जे पाणी शेजाऱ्याला फारसे बाधत नाही, तेच या रोग्याच्या हाडांना दुहेरी मार देऊ शकते. सांधे आणि कंबर दुखते म्हणून तो वेदनाशामक गोळ्या खातो. यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करणाऱ्या असतात. दुखणे मूत्रपिंडाशी निगडित आणि दुखण्यावरची गोळी मूत्रपिंडाच्याच मुळावर, असा हा फेरा आहे.

किनवट आणि माहूर या तालुक्यांत गोंड, परधान, कोलाम, आंध या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे, आणि या भागात सिकलसेलचा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. तोही मूत्रपिंडाला हळूहळू पोखरतो. सिकलसेलच्या रुग्णाला लघवी भरपूर होते, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असल्याचा भास होतो. स्नायू कृश असल्याने रक्तातील क्रिएटिनिनचा आकडाही फसवा, कमी दिसतो. वेदनेची कळ आली की त्यालाही त्याच वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. रक्तक्षय तर मुळातच असतो. तो सिकलसेलचा किती आणि मूत्रपिंडाचा किती, हे कोणी पाहत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत रक्ताचा एक थेंब तपासला जातो. त्याच वेळी लघवीतील प्रथिन तपासण्याची जोड दिली, तर खर्च नाममात्र वाढेल आणि पुष्कळांचे भवितव्य वेळीच कळेल.

तुकड्यातुकड्यांचा उपचार

पन्नाशीचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. साखरेच्या गोळ्या तो तालुक्याच्या डॉक्टरांकडून घेतो, रक्तदाबाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, गुडघेदुखीच्या बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून, आणि अशक्तपणा वाटला की सलाईन कोठूनही. या चौघांपैकी कोणालाही उरलेल्या तिघांचा पत्ता नसतो. एके दिवशी त्याची साखर आपोआप उतरू लागते. ‘गोळीशिवाय साखर ताब्यात आली’ म्हणून घरात समाधान पसरते. वस्तुतः इन्सुलिनचा शरीरातून निचरा करण्याचे बरेचसे काम मूत्रपिंड करते. ते मंदावल्याने इन्सुलिन रेंगाळते आणि साखर घसरते. ज्याला सुधारणा समजले जाते तो धोक्याचा इशारा असतो. हा इशारा वाचणारा कोणीच नसल्याने जुनीच मात्रा चालू राहते, आणि एखाद्या पहाटे रुग्ण बेशुद्ध आढळतो.

प्रेमापोटी केलेल्या उपचारांचीही हीच गत होते. आजारी माणसाला शहाळ्याचे पाणी देणे ही घरोघरची रीत. परंतु मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच साचलेले असते. शहाळे त्यात भर घालते आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. रक्तदाबासाठी ‘कमी सोडियमचे मीठ’ आणले तर त्यातही पुष्कळदा पोटॅशियमच असते. दुसरीकडे, ‘डाळ बंद, दूध बंद, फळे बंद’ असा सरसकट आदेश मिळालेला रोगी भाकरी आणि मिरचीवर दिवस काढतो व कुपोषणाने खंगतो. रक्तक्षय दिसला की रक्ताची पिशवी चढवली जाते. पण वारंवार रक्त चढवल्याने पुढे मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या वेळी जुळणारा दाता मिळणे कठीण होते, हे त्या वेळी कोण सांगणार? रक्तनिर्मितीचे संप्रेरक औषधरूपाने १९८९ पासून जगात उपलब्ध आहे. डायलिसिस मोफत, पण त्यासोबतचे हे इंजेक्शन विकत, अशी अवस्था जेथे असेल तेथे मोफत या शब्दाला अर्थ उरत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

या विस्कळीतपणाचा दोष एखाद्या वैद्याच्या किंवा केंद्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आरोग्य खात्याचे कार्यक्रमच रोगवार विभागलेले आहेत. क्षयाचा कार्यक्रम वेगळा, सिकलसेलचा वेगळा, मधुमेह-रक्तदाबाचा वेगळा, डायलिसिसचा वेगळा. प्रत्येकाचे रजिस्टर निराळे, अहवाल निराळा, उद्दिष्ट निराळे. रोग्याचे शरीर मात्र एकच असते, आणि ते कोणत्याच रजिस्टरात पूर्णपणे सापडत नाही.

स्वस्त आणि साधा मार्ग

यावर उपाय नाही, असे नाही. आणि तो फार महागही नाही. जसलोकमध्ये जयप्रकाशांवर उपचार करणाऱ्या वैद्यांत डॉ. एम. के. मणी हे मूत्रपिंडतज्ज्ञ होते. देशातील उत्तमोत्तम यंत्रे हाताळलेला हा माणूस पुढे चेन्नईत गेला आणि यंत्रांनी हा प्रश्न सुटणार नाही या निष्कर्षाला आला. त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईनजीकच्या खेड्यांत स्थानिक मुलींना शिकवून तयार केले. त्या घरोघर जात, रक्तदाब मोजत आणि लघवीतील प्रथिन व साखर साध्या रसायनांनी तपासत. ज्यांच्यात दोष आढळे त्यांना जुनी, स्वस्त औषधे नियमाने दिली जात. रक्तदाब आणि साखर खेड्यातही ताब्यात ठेवता येते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. तमिळनाडू सरकारने २०२३ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांतून लघवीच्या तपासणीची मोहीम हाती घेतली.

महाराष्ट्राला हे अशक्य का असावे? ३० वर्षांवरील माणसांची मधुमेह व रक्तदाबाची पाहणी आशा कार्यकर्त्या करतातच. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तनमुने प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था २०१७ पासून राज्यात आहे. त्यात भर हवी ती तीन गोष्टींची. ज्याला मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल किंवा घराण्यात मूत्रपिंडविकार आहे, अशा प्रत्येकाच्या लघवीतील प्रथिनाची आणि रक्तातील क्रिएटिनिनची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. ज्याच्यात दोष आढळेल त्याच्या हाती एकच वही द्यावी. तीत साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि चालू असलेली प्रत्येक गोळी यांची नोंद असावी, आणि ती वही पाहिल्याशिवाय कोणी नवे औषध लिहू नये. आणि जो डायलिसिसवर गेला त्याला यंत्राबरोबरच रक्तक्षयाचे इंजेक्शन, लोह, ‘ब’ प्रकारच्या कावीळीची लस, क्षयाची तपासणी व प्रवासभाडे हे सारे त्याच योजनेतून मिळावे.

अपुरे मनुष्यबळ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. इस्लापूरसारख्या केंद्रातील डॉक्टर आणि परिचारिका आधीच प्रसूती, लसीकरण, तापाच्या साथी आणि सर्पदंश यांनी वाकलेले असतात, हे नाकारता येणार नाही. परंतु मधुमेहाच्या रुग्णाला बोलावणे, त्याची साखर मोजणे आणि गोळ्या देणे हे काम आजही होतेच. त्याच भेटीत लघवीच्या बाटलीत एक पट्टी बुडवायला किती वेळ लागतो? आज न बुडवलेली पट्टी दहा वर्षांनी आठवड्याला बारा तासांचे यंत्र मागते. दुसरा आक्षेप असा की, रोग कळला तरी औषध कोठे आहे? ही शंका एके काळी रास्त होती. मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास रक्तदाबाच्या एका विशिष्ट गटातील गोळीने निम्म्याच्या आसपास रोखता येतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. त्या गटातील औषधे आज स्वस्त आहेत. २०१९ व २०२० मधील मोठ्या चाचण्यांनी साखरेवरच्या एका नव्या गटातील गोळ्या मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळतात असे दाखवले. त्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनचे मुख्य पेटंट भारतात २०२० मध्ये संपल्यावर अनेक देशी कंपन्यांनी ती कमी किमतीत बाजारात आणली. औषध आहे; ते कोणाला द्यायचे हे ठरवणारी तपासणी मात्र होत नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव संमत केला. जिनिव्हातील ठराव इस्लापूरपर्यंत आपण होऊन चालत येणार नाही. तो आणण्यात शासनाइतकाच गावातील लिहित्या-वाचत्या वर्गाचा वाटा आहे. ग्रामसभेत पाण्यातील फ्लोराइडच्या तपासणीचा अहवाल मागणारा शिक्षक, ‘ही गोळी मूत्रपिंडाला चालते का’ असे दुकानदाराला विचारणारा कारकून, आजोबांच्या गोळ्यांची यादी करून ती डॉक्टरांपुढे ठेवणारा महाविद्यालयीन विद्यार्थी, यांनी या रोगाचे अर्धे सोबती वाटेतच अडवता येतील. उरलेले अर्धे अडवण्याची जबाबदारी शासनाची आहे. यंत्रांचे आकडे जाहीर करताना शासनाने आणखी एक आकडा दरवर्षी जाहीर करावा: यंत्रापर्यंत पोचण्याआधीच किती रुग्ण ओळखले गेले आणि किती सावरले. किनवट तालुक्यातील माणसाला वर्षाचे ३१ हजार किलोमीटर चालू द्यायचे की त्याच्या गावच्या केंद्रातच त्याला थांबवायचे, याचा निर्णय त्या एका आकड्यावरून लोकांना करता येईल.